कुलपातला मायक्रोस्कोप

आमच्या शाळेत मायक्रोस्कोप होता आणि त्याला कुलूप होतं. हे मी अनेक शिक्षकांना सांगितलं. "आमच्याकडंही तसंच आहे, मॅडम," म्हणून त्यांनी विषय बदलला. मला मात्र अजून राग येतो.

शाळा लोणार तालुक्यातली, खासगी अनुदानित. मी विज्ञान शिकवते. आठवीला 'पेशी व पेशीअंगके' हा धडा आहे. तो कसा उरकला जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे: फळ्यावर आकृती, वहीत आकृती, रंगीत पेन्सिली, बाणांच्या टोकाला नावं.

किल्ली मागितली की मुख्याध्यापक विचारायचे, "फुटला तर कोण भरणार?" यंत्राची नोंद डेड स्टॉक रजिस्टरला. तपासणीला साहेब येणार म्हटलं की मायक्रोस्कोप बाहेर यायचा, शिपाई तो पुसायचा, टेबलावर स्वच्छ कापड अंथरून मांडायचा, शेजारी काचपट्ट्यांची डबी. साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की पुन्हा कपाटात. मुलं दारातून बघायची, कारण हात लावायचा नाही ही ताकीद. वर्षानुवर्षं हेच. प्रयोगवहीत मात्र 'कांद्याच्या पापुद्र्याचे निरीक्षण केले' असं प्रत्येकाने लिहायचं आणि मी त्याखाली सही करायची. एका पावसाळ्यानंतर भिंगावर बुरशीचं जाळं निघालं. दमट, बंद कपाटात भिंगाचं हेच होतं. मुलांच्या हातून मोडला असता तर एवढी हळहळ वाटली नसती.

मुख्याध्यापक सर वाईट नव्हते. ऑडिटच्या वेळी रात्री उशिरापर्यंत रजिस्टर घेऊन बसलेले मी त्यांना पाहिलंय. निवृत्तीला आलेल्या माणसाला पेन्शन अडकण्याची धास्ती असते. त्यांच्या जागी मी किल्ली दिली असती का, छातीठोकपणे सांगता येत नाही.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. शाळा बंद, सगळं जग घरात, आणि आमच्या सरोवराचे फोटो मोबाइलवर फिरत होते. कुणी शाप म्हणालं, कुणी केमिकल. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून सांगितलं की रंग हॅलोआर्किया या अतिसूक्ष्म जीवांचा आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारेपणा वाढला आणि ते फोफावले. एकेक जीव म्हणजे एकच पेशी, तीही केंद्रक नसलेली. तिच्यातलं गुलाबी-लाल रंगद्रव्य तिला कडक उन्हापासून जपतं.

शाळा उघडल्यावर मुलांनी मला सरोवराबद्दलच्या प्रश्नांनी घेरलं आणि मी ते सरांच्या टेबलापर्यंत नेले. शेवटी किल्ली मिळाली. भिंगावरची बुरशी जमेल तेवढी पुसून घेतली. सरोवर अभयारण्यात येतं, तिथलं पाणी बाटलीत भरून आणता येत नाही. म्हणून मी लाल कांदा घेतला.

मांसल पाकळीचा बाहेरचा जांभळट पापुद्रा चिमट्याने सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, वरून झाकणकाच तिरकी टेकवत अलगद सोडायची. घाई केली की हवेचा बुडबुडा अडकतो आणि काळ्या कडेचं ते वर्तुळच मुलं पेशी म्हणून काढतात. आरसा खिडकीकडे वळवला आणि जांभळी, लांबट घरं एकमेकांना चिकटून उभी राहिली. १६६५ साली रॉबर्ट हूकला बुचाच्या कापात दिसली ती मेलेल्या पेशींची रिकामी दालनं. आमच्या मुलांसमोर भरलेली, जिवंत होती.

एक मुलगी बराच वेळ डोळा लावून राहिली. मग म्हणाली, "मॅडम, पुस्तकात त तंतुकणिका, गॉल्गी सारं हाये. इथं काहूनच नाई दिसत?" तिला वाटलं, आपल्याच डोळ्यात दोष आहे. मी सांगितलं, दोष तुझा नाही. आपला मायक्रोस्कोप चारशे पट मोठं दाखवतो. गॉल्गी पिंडांचे बारकावे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय कळत नाहीत, आणि पुस्तकातली आकृती पुष्कळ निरीक्षणं एकत्र करून काढलेली असते. हे धड्याच्या पहिल्याच पानावर ठळक छापायला हवं, असं माझं मत आहे.

मग झाकणकाचेच्या एका कडेला मिठाचं पाणी सोडलं, दुसऱ्या कडेला टिपकागद लावून ते ओढून घेतलं. रिक्तिकेतला जांभळा रंग आक्रसला, भित्तिका होती तिथेच राहिली. एक मुलगा ओरडलाच, "मंग सरोवरातल्या पेशी काहून आक्रसत नाईत?"

इतकी वर्षं परासरण शिकवलं, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. त्या पेशी आपल्या आतच भरपूर क्षार, मुख्यतः पोटॅशियमचे, साठवतात, त्यामुळे बाहेरचं खारं पाणी त्यांच्या आतलं पाणी शोषून घेऊ शकत नाही. उलट गोड्या पाण्यात टाकलं तर त्या फुटतात. हे ऐकल्यावर वर्गात जो कालवा झाला, तो मी थांबवला नाही.

त्या मुलीने वहीत जे दिसलं तेवढंच काढलं: भित्तिका, जांभळा भरलेला भाग, एक फिकट केंद्रक. मी पूर्ण गुण दिले. परीक्षेच्या आधी मात्र तिला मीच बोलावून सांगितलं, पेपरात पुस्तकातली काढ, सगळी नावं दे, नाहीतर गुण जातील. तिने मान हलवली आणि तशीच काढली.