लहान बाटलीवरची बारीक अक्षरं



मागच्या पौर्णिमेला बस्तीतून बाहेर पडताना तिघी-चौघींनी मला गाठलं. म्हणाल्या, "ताई, बिनअंड्याचा केक आता जमतो. दही घालून छान फुलतो. पण वरची सजावट काही बेकरीसारखी होत नाही. तुम्ही कशी करता ते लिहा की." लिहिते म्हटलं. पण सजावटीवर लिहायचं तर माझ्या हातून झालेली एक चूकही लिहावी लागेल, म्हणून इतके दिवस टाळत होते. आज दोन्ही लिहिते.

आधी हाताची कामं सांगते.

केक पूर्ण गार झाल्याशिवाय क्रीमला हात लावायचा नाही. वरून गार वाटला तरी मध्ये ऊब असते आणि त्या ऊबेने क्रीम पाझरतं. आपल्यातल्या पुष्कळ जणी शिळं खात नाहीत, त्यामुळे बेकरीवाल्यांसारखा आदल्या रात्री केक भाजून ठेवायची सोय आपल्याला नाही. मी पहाटे साडेपाचला मैदा चाळायला घेते. आठपर्यंत केक तयार होतो, अकराला सजवायला घेते आणि चार-साडेचारला कापायचा. सूर्यास्ताच्या आत सगळ्यांचं खाऊन, भांडी घासून मोकळं. मेणबत्ती लावून फुंकर मारायची पद्धत आमच्या घरात नाही. बाळाला ओवाळतो, मग केक.

केकवर फुगवटा आला असेल तर करवतीच्या दात्यांच्या सुरीने तो काढून टाका. आडवे दोन भाग करा आणि साखरेचं कोमट पाणी चमच्याने शिंपडा, म्हणजे केक कोरडा लागत नाही. मग क्रीमचा पहिला पातळ थर. हा थर म्हणजे ब्लाउजचं अस्तर. तो दिसायचा नसतो, पण त्याच्याशिवाय वरचं नीट बसत नाही. केकचा चुरा या थरात अडकून राहतो. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग वरचा जाड थर द्यायचा. फिरतं टेबल नसेल तर पालथ्या वाडग्यावर ताट ठेवा आणि डाव्या हाताने ताट फिरवा. उजव्या हातातली स्टीलची पट्टी गरम पाण्यात बुडवून, पुसून, एका जागी धरायची. पट्टी हलवायची नाही, ताट फिरवायचं. एवढं एक लक्षात ठेवलं तरी निम्मी सजावट जमली.

लोणी आपल्याकडे अभक्ष्यात धरलेलं असल्यामुळे बटरक्रीम मी करत नाही. घरी वापरायची साधी क्रीमही फेटून फुलत नाही, कारण तिच्यात स्निग्धांश २५ टक्क्यांच्या आसपासच असतो. फुलायला ३०-३५ टक्के लागतात. म्हणून मी हिरव्या ठिपक्याची, दूध नसलेली व्हिपिंग क्रीम आणते. ती गोठलेली मिळते. फ्रिजमध्ये हळूहळू सैल होऊ द्यायची, भांडंही गार करून घ्यायचं आणि मध्यम वेगावर फेटायची. भांडं तिरकं केलं तरी घसरत नाही, तिथे थांबायचं. जास्त फेटली तर जाळी पडते. तसं झालंच तर न फेटलेली क्रीम दोन चमचे घालून हलक्या हाताने मिसळा, सुधारते.

चॉकलेटचं आवरण हवं असेल तर मात्र घरची साधी क्रीमच चालते. २०० ग्रॅम चॉकलेटला १०० ग्रॅम क्रीम घेतली की पसरवण्याइतकं घट्ट होतं. दोन्ही सारखं घेतलं तर कडेवरून ओघळ सोडण्याइतकं पातळ.

फुलं काढायला भीती वाटते असं सगळ्या म्हणतात. अगं, मेंदीचा कोन धरता येतो ना? तोच हात. पिशवी पेल्यात उभी करून अर्धीच भरा, वर पीळ द्या आणि दाब पिळाजवळून द्या, मधून नाही. नोझल सरळ उभं धरायचं, मधून सुरुवात करून एक वेढा बाहेर घ्यायचा, दाब सोडायचा आणि मगच हात उचलायचा. दाब न सोडता हात उचलला की फुलाला शेपूट येतं. आधी स्टीलच्या ताटात वीस फुलं काढा, खरवडून परत पिशवीत भरा. ज्यांनी संक्रांतीला अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे त्यांना हे अवघड नाही.

आता माझी चूक सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझ्या चुलतसासूबाईंना पंच्याऐंशी वर्षं पूर्ण झाली. त्यांना आम्ही काकी म्हणतो. काकींनी तरुणपणी मुनिमहाराजांकडून अष्टमूलगुणांचा नियम घेतला. मध, मद्य, मांस सोडाच, बाहेरचं पाणीही त्या घेत नाहीत. लग्नकार्यात गेल्या तरी पिशवीत स्वतःचा डबा आणि गाळलेल्या पाण्याची बाटली असते. त्यांच्यासाठी मी पांढरा केक केला. वर लाल गुलाब आणि कडेने चंदेरी मोती. मोती आणि लाल रंगाची बाटली मुलीने परदेशातून आणून दिली होती. केक इतका देखणा झाला होता की तीन वर्षं शिकल्याचं सार्थक झालं असं मला वाटलं.

काकींनी घास हातात घेऊन विचारलं, "यात काही नाही ना गं?"

मी म्हटलं, "काही नाही काकी. सगळं मी स्वतः केलंय."

त्यांनी निर्धास्त खाल्लं. एक गुलाब आवडला म्हणून आणखी मागून घेतला.

रात्री आवराआवर करताना सुट्टीला आलेली माझी अकरा वर्षांची नात त्या बाटल्या हातात घेऊन वाचत बसली होती. शाळेत त्यांना पाकिटावरची माहिती वाचायला शिकवतात. म्हणाली, "आजी, ई-१२० म्हणजे काय? आणि या मोत्यांवर ई-९०४ लिहिलंय." तिनेच मोबाईलवर शोधून मला वाचून दाखवलं.

१२० म्हणजे कार्माइन. निवडुंगावर राहणारे कोचिनील नावाचे किडे वाळवून, कुटून हा लाल रंग काढतात. पेरू देशात हे फार मोठ्या प्रमाणावर होतं. ९०४ म्हणजे शेलॅक, म्हणजे आपली लाख. झाडावरच्या किड्यांनी स्रवलेली. गोळ्यांवर, मोत्यांवर, चॉकलेट लावलेल्या बदामांवर जी चमक असते ती पुष्कळदा तिची असते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत लाखेचा व्यापार येतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आणि तीच लाख मी केकवर मांडली होती.

मी १९८१ ची बी.कॉम. ऑडिटच्या पेपरात आम्हाला पहिला धडा होता की व्हाउचर पाहिल्याशिवाय नोंद खरी मानायची नाही. नोकरी केली नाही, पण घरातल्या चार हजारांच्या किराण्याचं बिल मी आजही ओळ न् ओळ तपासते. आणि त्या बाटल्या मात्र उलट्या करूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या. मुलीने आणल्यात, म्हणजे चांगल्याच असणार!

दशलक्षणात आमच्या बस्तीत रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतात. सातव्या दिवशी सातवा. त्यात हिंसेची व्याख्या आहे, आणि त्या व्याख्येत प्रमाद आधी येतो. प्रमादापोटी जीवाची हानी झाली की ती हिंसा. मला वाटायचं, प्रमाद म्हणजे न पाहता चालणं, पाणी न गाळणं. केक सजवताना झालेला निष्काळजीपणाही तोच, हे त्या रात्री कळलं.

सांगावं की नाही? घरचे म्हणाले, "त्यांना माहीत नाही, तुलाही माहीत नव्हतं. या वयात कशाला त्रास देतेस?" मला ते पटत होतं आणि पटतही नव्हतं. नियम काकींचा होता. तो मोडला की नाही हे त्यांना कळू न देण्याचा अधिकार माझा नव्हता. चार दिवस मी त्यांच्याकडे गेलेच नाही. पाचव्या दिवशी गेले आणि सांगून टाकलं.

काकींच्या हातात माळ होती. त्यांनी ती पूर्ण केली. मग म्हणाल्या, "सांगितलंस ते बरं केलंस." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुझ्या हातचं मी न विचारता खात होते, एवढं एक घर होतं मला." रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाशन केलं. मी आर्यिका माताजींना विचारून माझं प्रायश्चित्त घेतलं. पण त्या वर्षी क्षमावाणीला मी काकींच्या पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि ताटातला लाडू मात्र बाजूला ठेवून दिला.

म्हणून मैत्रिणींनो, ही यादी फ्रिजवर चिकटवा. १२० कार्माइन, ९०४ शेलॅक. आपल्या पाकिटांवर आकड्याआधी आयएनएस असतं, युरोपातल्या पाकिटांवर ई असतं, आकडा तोच. अमेरिकेतल्या बाटलीवर आकड्याऐवजी नाव असतं, कार्माइन किंवा कोचिनील, आणि चमकीसाठी कन्फेक्शनर्स ग्लेझ. एक घोटाळा होऊ देऊ नका: १२२ म्हणजे कार्मोइसिन. नाव सारखं वाटलं तरी तो कारखान्यात केलेला रंग आहे, किड्याचा नाही. मार्शमॅलो आणि चकचकीत जेलीत बहुधा जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. त्याऐवजी अगर-अगर घ्या असं सांगतात, पण ते समुद्रातल्या शेवाळाचं. शेवाळ अनंतकाय, म्हणून काही जणी तेही टाळतात. मी कॉर्नफ्लोअरवर भागवते. परदेशातून आणलेल्या बाटलीवर आपला हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण नसतो. खूण नाही, याचा अर्थ शाकाहारी असा होत नाही.

नैसर्गिक रंग म्हणून सगळीकडे बीट आणि गाजर सांगतात. आपल्याला ते कंदमुळात जातं. गुलाबीसाठी मी कोकमाचं गोड सरबत आटवून, गार करून, वाटीभर क्रीमला चमचाभर घालते. जास्त घातलं तर क्रीम सैल होतं. पिवळ्यासाठी कोमट दुधात खललेलं केशर, हिरव्यासाठी पिस्त्याची पूड, तपकिरीसाठी कोको. बेकरीच्या केकसारखा भडकपणा येत नाही. न येऊ दे.

आता दुसरी बाजू. मागच्या वर्षी पाच वर्षांच्या नातवाला सशाचा केक हवा होता. मी नको म्हटलं. सूनबाई म्हणाली, "आई, तो केक आहे, ससा नाही." तिचं खोटं नव्हतं. पण आपल्याकडे यशोधर राजाची कथा आहे. जिवंत प्राणी मारायचा नाही म्हणून त्याने आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. जीव एकही गेला नाही, तरी त्या संकल्पापायी मायलेकाला पशुपक्ष्यांचे किती जन्म फिरावे लागले. काकींच्या केकमध्ये माझा संकल्प नव्हता आणि जीव गेले. इथे जीव जाणार नव्हता, पण "मान कुठून कापू?" असं विचारत सुरी धरणारं पोर मला बघवलं नसतं.

शेवटी तोडगा काढला. केक हिरव्या कुरणाचा, आणि ससा वेगळा करून वर बसवलेला. एक वाटी मिल्क पावडर, एक वाटी पिठीसाखर आणि मळेल इतकं कंडेन्स्ड मिल्क. हाताला तूप लावून पेढ्यासारखं मळायचं. यात जिलेटिन लागत नाही आणि हवा तो आकार वळता येतो. कापायच्या आधी नातवाने ससा दोन्ही हातांनी उचलून बशीत ठेवला. सूनबाई खूश, मीही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी सशाचा एक कान नव्हता. मी काही विचारलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात काकींचा निरोप आला. "केक कर. पण माझ्यासमोर कर." पहाटे सहाला त्या माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत. म्हणाल्या, "वाच." मी मैद्याचं पाकीट वाचलं. क्रीमचं वाचलं. बेकिंग पावडरचं वाचलं, आकड्यांसकट. कोको, साखर, सगळं. जवळजवळ वीस मिनिटं लागली. स्वाध्यायाला बसल्यासारख्या त्या हात जोडून ऐकत होत्या.

शेवटी एका वाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि हे?"

"हे नुसते पिस्ते, काकी. काल मीच सोललेत."

त्यांनी एक उचलला, दोन भाग करून आत पाहिलं, आणि तोंडात टाकला.

जय जिनेंद्र.