भुताची गाडी

जमिनीखालच्या एका जुन्या, टाकून दिलेल्या बोगद्यातून तीन माणसे चालली आहेत. विजेरीच्या उजेडापलीकडे सारा काळोख आहे. एकाएकी मागून धडधड ऐकू येते. पाहता पाहता एक आगगाडी भरधाव येते. त्या माणसांपैकी एकाला बाजूला व्हायलाही सवड मिळत नाही. गाडी त्याच्या अंगावर येते आणि त्याच्या अंगातून आरपार निघून जाते! तो बिचारा जागच्या जागी उभा असतो. घाबरलेला, परंतु सुखरूप.

हा प्रसंग १९८९ साली निघालेल्या एका अमेरिकी चित्रपटातला आहे. भुतांची शिकार करणाऱ्या या मंडळींचा पहिला चित्रपट १९८४ साली आला होता. त्याचे नाव 'घोस्टबस्टर्स'. पुढे त्यांच्या पराक्रमांवर चित्रमालिका निघाल्या, चित्रकथांची पुस्तकेही निघाली. झपाटलेली गाडी आणि तिला सामोरे जाणारे वीर ही जोडी चित्रकथांना फार मानवते. अशी चित्रकथा हाती पडली की मुलांना जेवणाखाण्याची शुद्ध राहत नाही. अंगावर काटा येतो, पाने उलटताना बोटे थरथरतात; तरीही पुस्तक खाली ठेववत नाही. भीतीची हीच तर गंमत आहे. पांघरुणात बसून, दिव्याच्या उजेडात भोगलेली भीती चिंचेच्या बुटकासारखी आंबटगोड लागते.

परंतु भुताला आगगाडी कशाला हवी? आपल्याकडची जुनी भुते मोठी स्थानप्रिय. मुंजा पिंपळ सोडीत नाही, हडळ विहिरीच्या आसपास वावरते, आणि चकवा वाटसरूला माळावर एकाच जागी रात्रभर फिरवीत ठेवतो. गाडीत बसून परगावी जाण्याची हौस त्यांपैकी कोणालाच नाही. मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी निघाली. न बैल, न घोडा, आणि तरीही डब्यांची लांबलचक रांग धूर सोडीत धावते, हे दृश्य ज्यांनी पहिल्यांदा पाहिले असेल त्यांना ते अद्भुतच वाटले असले पाहिजे. रात्री दूरवर एकच दिवा दिसावा, तो वाढत वाढत यावा, जमीन थरथरावी, शिट्टी घुमावी, आणि क्षणार्धात सारे नाहीसे व्हावे! भुताविषयी जे जे म्हणून सांगतात, ते सर्व आगगाडी रोज रात्री करून दाखविते. तेव्हा भुतांच्या गोष्टी पिंपळावरून उतरून रुळांवर आल्या, यात नवल ते काय?

तथापि एवढ्यानेच या गोष्टींचा उलगडा होत नाही. आगगाडीच्या भुतामागे कधी कधी एक खरी भीतीही दडलेली असते.

९ जून १८६५ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यात स्टेपलहर्स्ट या गावाजवळ एका लहानशा पुलाची दुरुस्ती चालली होती. कामगारांनी रूळ काढून ठेवले होते. त्या मार्गाने बंदरावरून लंडनला जाणारी एक गाडी येत असे. पण बोटी भरती-ओहोटीप्रमाणे येत, म्हणून त्या गाडीची वेळही रोज निराळी असे. मुकादमाने वेळापत्रक पाहताना चूक केली. गाडीला अद्याप अवकाश आहे, अशी त्याची समजूत झाली. निशाण दाखविणारा माणूस नियमाप्रमाणे हजार यार्डांवर उभा राहावयाचा. तो सुमारे साडेपाचशे यार्डांवरच उभा होता. गाडी आली. चालकाला निशाण दिसले, परंतु गाडी थांबविण्याइतके अंतर उरले नव्हते. डबे पुलाखाली कोसळले. दहा माणसे मरण पावली आणि चाळीस जखमी झाली.

त्या गाडीत विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स होते. त्यांचा डबा पुलावर तिरपा लटकून राहिला, म्हणून ते वाचले. बाहेर येताच ते जखमींच्या सेवेला लागले. टोपीत पाणी भरभरून त्यांनी ते लोकांना पाजले. त्यानंतर ते पुन्हा त्या लटकत्या डब्यात चढले, कारण त्यांच्या नव्या कादंबरीचे हस्तलिखित आत राहिले होते! असा हा धीराचा माणूस. परंतु पुढे आगगाडीत बसले की त्यांच्या मनाचा थरकाप होई. पुढच्याच वर्षी, १८६६ साली, त्यांनी 'सिग्नल-मॅन' नावाची भुताची गोष्ट लिहिली. बोगद्याच्या तोंडाशी एकटाच पहारा करणाऱ्या एका रेल्वे-नोकराची ती कथा. प्रत्येक अपघातापूर्वी त्याला एक आकृती दिसते. ती काहीतरी इशारा देते. पण संकट कोठून येणार, हे त्याला उमगत नाही. डिकन्स यांचे निधन १८७० साली झाले, आणि तो दिवसही ९ जूनच होता.

हा योगायोग ऐकून कोणाच्याही अंगावर शहारा येईल. पण क्षणभर विचार करावा. स्टेपलहर्स्टच्या पुलावर माणसे कोणी मारली? भुताने नव्हे. एक चुकीची वाचलेली वेळ आणि अपुरे राखलेले अंतर, एवढ्याच दोन गोष्टी त्या दहा जिवांच्या आड आल्या. भुताची गोष्ट ऐकून माणूस दचकतो आणि विसरून जातो. वेळापत्रकातील चूक मात्र तो शोधून काढू शकतो, आणि पुन्हा न होईल अशी तजवीजही करू शकतो.

शोधून काढण्याची ही हौस ज्यांच्या अंगी असते, त्यांना खरे भूत-शिकारी म्हणावे. असे शिकारी व्हायला मोठे वय लागते, असेही नाही. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात सेंट लुईस नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या जवळून पूर्वी लोहमार्ग जात असे. पुढे रूळ उखडण्यात आले; पण गाडी मात्र थांबली नाही, असे लोक सांगू लागले! रात्री त्या ओसाड मार्गावर दूर एक प्रखर दिवा दिसतो. तो कधी मंद होतो, कधी रंग बदलतो. कोणी म्हणे, तो भुताच्या गाडीचा दिवा. कोणी म्हणे, रुळांवर मान तुटून मेलेला एक रेल्वे-कामगार हाती कंदील घेऊन आपले शिर शोधीत आहे. ही कथा एवढी गाजली की २०१४ साली कॅनडाच्या टपालखात्याने त्या गाडीचे चित्र असलेले तिकीट काढले.

हा दिवा खोटा होता काय? मुळीच नाही. तो पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिला होता. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याच प्रांतातील बारावीच्या वर्गात शिकणाऱ्या दोन विद्यार्थिनींनी या दिव्याचा शोध घ्यावयाचे ठरविले. "लोक वेडे आहेत," असे त्या म्हणाल्या नाहीत. "भूत आहे," असेही म्हणाल्या नाहीत. दिवा दिसतो, तर तो कशाचा, एवढाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. पुष्कळ दूरच्या रस्त्यावरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांचा प्रकाश वाटेत विवर्तनामुळे पसरतो आणि एवढ्या अंतरावरून तो एकच मोठा दिवा भासतो, असे त्यांनी दाखविले. नुसते सांगितले नाही, तर तसा दिवा स्वतः घडवून दाखविला. त्यांच्या या प्रयोगाला विज्ञान-प्रदर्शनात पारितोषिक मिळाले. चित्रकथेतील वीरांजवळ भुते पकडण्याची नाना यंत्रे असतात. या दोघींजवळ एक प्रश्न होता आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ न बसण्याची चिकाटी होती.

दूरच्या देशातील ही हकीकत वाचून कोणी म्हणेल, "ठीक आहे, पण लोकांनी भूत मानले तर कोणाचे काय बिघडले? गोष्टीची मौज तर मिळाली!" सेंट लुईसमध्ये कोणाचे फारसे बिघडले नाही, हे खरे. पण भीती नेहमीच अशी फुकटात मिळत नाही. तिची किंमत काय पडते, हे पाहावयाचे असेल तर पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात जावे.

त्या जिल्ह्यात बेगुनकोदर नावाचे एक छोटे स्टेशन आहे. आसपास मोकळे माळरान आणि विखुरलेली खेडी. १९६० साली हे स्टेशन सुरू झाले. आडबाजूच्या त्या मुलखात गाडी थांबू लागली, ही केवढी सोय! परंतु १९६७ साली स्टेशनातल्या एका नोकराने सांगितले की पांढरे पातळ नेसलेल्या एका स्त्रीचे भूत त्याला रुळांजवळ दिसले. बातमी वाऱ्यासारखी पसरली. ती स्त्री धावत्या गाडीबरोबर धावते, गाडीलाही मागे टाकते, अशी भर पडत गेली. पुढे स्टेशनमास्तरांचा मृत्यू झाला. तोही भुताच्याच माथी मारण्यात आला. मग तेथे काम करावयास कोणी तयार होईना. अखेर स्टेशन बंद झाले. एक दिवस नव्हे, एक वर्ष नव्हे, तब्बल ४२ वर्षे ते बंद राहिले!

या ४२ वर्षांत तेथे एक विलक्षण गोष्ट रोज घडत होती. गाड्या येत होत्या, धडधडत जात होत्या. पण थांबत नव्हत्या. आजारी माणसाला शहरातल्या दवाखान्यात न्यावयाचे असो, बाजारहाट असो, की शिकण्यासाठी परगावी जाणे असो, डोळ्यांसमोरून जाणारी गाडी त्यांच्या उपयोगाची नव्हती. दारावरून जाते, पण हाती लागत नाही, अशी गाडी म्हणजे भुताचीच गाडी की नाही? त्या पांढऱ्या पातळातल्या स्त्रीने कोणाचे काही नेले, असे सिद्ध झाले नाही. भीतीने मात्र एका मुलखाचे स्टेशन नेले.

त्या आडरानातील नेमणूक टाळण्यासाठी नोकरांनीच ही कंडी पिकविली असावी, असेही कोणी कोणी म्हणत. पुढे गावकऱ्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले आणि २००९ साली स्टेशन पुन्हा उघडले. गाडी थांबू लागली. पण दिवस मावळल्यावर तेथे थांबण्याची उतारूंची छाती होईना. भीतीला कुलूप लावून घालविता येत नाही, आणि कुलूप काढूनही ती जात नाही. ती जाते ती कोणी तरी काळोखात जाऊन, डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणजे.

डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिमबंग विज्ञान मंचाच्या काही कार्यकर्त्यांनी नेमके हेच केले. कॅमेरे व काही उपकरणे घेऊन त्यांनी त्या स्टेशनात एक सबंध रात्र काढली. थंडीचे दिवस, भोवती काळोख. रात्री स्टेशनाच्या मागून विचित्र आवाज येऊ लागले. अशा वेळी त्यांचीही छाती धडधडली असेल. शूर माणसाला भीती वाटतच नाही, असे थोडेच आहे? परंतु ते पळाले नाहीत. त्यांनी आवाजाच्या दिशेने विजेरीचा झोत टाकला. तेव्हा काय दिसले? आडोशाला दडून त्यांना घाबरवू पाहणारी हाडामांसाची माणसे! उजेड पडताच त्या 'भुतांनी' धूम ठोकली. भूत पाहून माणसे पळाल्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. माणूस पाहून भुते पळाल्याची ही गोष्ट विरळाच म्हणावयाची.

म्हणून काय भुताच्या गाडीची पुस्तके मिटून ठेवावीत? छे! ती अवश्य वाचावीत. झपाटलेल्या इंजिनाचे तांबडे डोळे पाहून खुशाल दचकावे, आणि वीरांनी गाडी थांबविली की टाळ्या पिटाव्यात. त्या गाडीची जागा पुस्तकात आहे, आणि तेथे तिने हवी तेवढी धावावी. ती पुस्तकातून उतरून स्टेशनात येते आणि खऱ्या गाडीची वाट अडविते, तेव्हा मात्र कोणी तरी विजेरी घेऊन पुढे व्हावे लागते. आणि ते काम चित्रातल्या वीरांना करता येत नाही. कारण त्यांना पुस्तकाबाहेर पडता येत नाही. ते पुस्तक वाचणाऱ्यानेच करावयाचे असते.