चांदीचे नाव, शिशाचे गाव

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यातील, पार पश्चिमेच्या ओसाड माळावरचे ब्रोकन हिल हे खाणींचे शहर. त्याचा नकाशा आम्हां भाषेच्या शिक्षकांना एखाद्या कोशासारखा वाटतो. सल्फाइड, क्लोराइड, ऑक्साइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट, बेरिल ही तिथल्या रस्त्यांची नावे. मुख्य रस्ता आर्जेंट स्ट्रीट. (आमच्या विद्यार्थ्यांनी तो नक्कीच 'अर्जंट' असा वाचला असता.) मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ चांदी.

१८८३ साली मेंढ्यांच्या कुरणाच्या सीमेवर गस्त घालणाऱ्या चार्ल्स रास्पने येथील टेकडीवर हक्क नोंदवला, तेव्हा त्याला ते कथिल वाटले होते. निघाले शिसे, चांदी आणि जस्त. १८८५ मध्ये स्थापन झालेली ब्रोकन हिल प्रोप्रायटरी, म्हणजे आजची 'बीएचपी', १९३९ मध्ये येथून निघून गेली. गावाची आद्याक्षरे मात्र सोबत घेऊन गेली. आणि जिच्यावरून गावाला नाव मिळाले, ती मोडकी टेकडी तर खोदून केव्हाच नाहीशी झाली आहे.

गावाचे लाडके नाव 'रुपेरी नगरी'. वास्तविक तेथील चांदी शिशाच्याच खनिजातून मिळते; पण कौतुक एकीच्या वाट्याला आले आणि दुसरे अनुल्लेखाने मारले गेले. मराठीचे बरोबर उलट झाले आहे. आपल्या शिसपेन्सिलीत शिसे नसतेच, तरी नाव त्याचे. ज्या खिळ्यांनी मराठीतले पिढ्यान्‌पिढ्यांचे साहित्य छापले, त्यांत मात्र ते खरोखरच होते.

खाणीतून उपसलेल्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर २००१ मध्ये उभारलेल्या स्मारकात, कामावर मृत्यू पावलेल्या आठशेहून अधिक खाणकामगारांची नावे आहेत. १९१९-२० मधील अठरा महिन्यांच्या संपाने कामगारांनी आठवड्याला ३५ तासांचे काम मिळवले. हा इतिहास अभिमानाने सांगावा असाच आहे. २०१५ साली ब्रोकन हिलला राष्ट्रीय वारसा यादीत स्थान मिळाले. संपूर्ण शहराला असा मान मिळण्याची ऑस्ट्रेलियातील ही पहिलीच वेळ.

त्याच २०१५ मध्ये राज्य सरकारने गावातील शिशाच्या प्रदूषणावर निराळा कार्यक्रम हाती घेतला. रक्ताच्या दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे आढळल्यास त्याचा उगम शोधावा, ही तेथील आरोग्यविषयक शिफारसही त्याच वर्षीची. एका खात्याने जे जतन करायचे, तेच दुसऱ्याने अंगणातून खरवडून काढायचे! या दोन कागदांची भाषा परस्परांना ओळखतही नाही, हे आम्हांला खटकते. आपल्याकडे 'वारस' या शब्दाला संपत्तीबरोबर देणेही चिकटलेले असते. वारशाच्या यादीतल्या गौरवी गद्यात ते देणे कुठे दिसत नाही.

ते दिसते रांगत्या मुलांच्या धुळीने माखलेल्या, तोंडात जाणाऱ्या हातांवर. पाच वर्षांखालील मुलांचे रक्त तेथे आजही नियमित तपासले जाते. ही भूमी मुळात विल्याकाली लोकांची. आणि तपासण्यांत आदिवासी मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण इतर मुलांपेक्षा सरासरीने अधिक आढळत आले आहे.