मागील दारी

रोह्याची जुनी घरं रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या हाती फारसं काही लागू देत नाहीत. मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, पुढे पडवी, पडवीला लाकडी गज, ओटीवर झोपाळा, आणि त्यापलीकडे माजघरातला अंधार. खरं घर सुरू होतं ते मागच्या दारी. तिथं न्हाणी, तिथंच विहीर, आणि विहिरीपासून कुंपणापर्यंत पसरलेली वाडी. ठाण्यात राहणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापिकेचं हे ठाम म्हणणं आहे. त्यांनी जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. विद्यार्थी त्यांना ‘बाई’ म्हणतात, इथंही तसंच म्हणू या. सुट्टीत सहकुटुंब जुनी घरं आणि त्यांच्या बागा पाहायला जाण्याचा छंद बाईंना वडिलांकडून लागला. त्यांच्याकडून तो लेकीला लागला, आणि आता नातवाला.

बाईंचं आजोळ रोह्याचं. मे महिन्यात मुलं तिथं जमत, आणि त्यांना पहिलं काम लागे ते पाण्यावर नजर ठेवण्याचं. न्हाणीचं पाणी अळवाला जायचं, भांडी घासल्याचं केळीला, विहिरीवर सांडलेलं माडांना. मधे कुठे चढ आला तर पोफळीचं खोड उभं चिरून केलेली पन्हळ टाकलेली असे. पाट फुटला की मातीचा गोळा लावून बुजवायचा. देवाची फुलं विहिरीच्या कडेनं, म्हणजे अनंत, तगर, जास्वंद. घमघमणारा सोनचाफा जरा लांब. रातांबा आणि फणस थेट कुंपणाशी. ही मांडणी कुणी कागदावर काढली नव्हती. पण कोणत्या झाडाला किती पाणी, किती सावली आणि घरातल्या बायकांना दिवसातून किती वेळा त्याच्याकडे जावं लागतं, याचा चोख हिशोब तिच्यात होता. वनस्पतिशास्त्राची पहिली इयत्ता आपण तिथं शिकलो, असं बाई वर्गात सांगत.

वडील मात्र घरात स्वस्थ बसू देत नसत. रोह्याहून एसटीनं मुरुडला नेऊन त्यांनी मुलांना नवाबांचा राजवाडा दाखवला होता. १८८५च्या सुमाराचा हा अहमदगंज राजवाडा समुद्राकडे तोंड करून टेकडीवर उभा आहे, घुमट आणि टोकदार कमानी मिरवत. ती खाजगी मालमत्ता, त्यामुळे रस्त्यावरूनच बघायची. मुलं हिरमुसली. तेव्हा वडिलांनी उलट्या दिशेला, डोंगराकडे बोट दाखवलं. नवाबांची खरी बाग ती, म्हणाले. मुरुड-जंजिरा संस्थानाचं शिकारीसाठी राखलेलं ते रान, त्याला केसरबाग म्हणत. १९८६ मध्ये ते फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तिथं आज शेकरू आहे, झाडांवरून झाडांवर गेलेले गारंबीचे दांडगे वेल आहेत, आणि उन्हाळ्यात जनावरं ज्यांच्या आधारानं जगतात ते पाणवठे आहेत. राजवाड्याचं फाटक बंदच राहिलं, पण संस्थानिकाच्या हौसेपायी राखलेलं रान आता कुणालाही चालत बघता येतं. बाईंच्या मते कोकणातल्या राजेशाही उद्यानांत याच्या तोडीचं दुसरं नाही.

गागोद्याची फेरी वेगळी. पेणहून खोपोलीच्या बाजूला जाताना हे गाव लागतं. ११ सप्टेंबर १८९५ला विनोबा भावे इथं जन्मले. आजोबा शंभुराव शंकराचे भक्त, घराण्याचं कोटेश्वराचं देऊळ वाईला. पुढे वडिलांच्या नोकरीपायी कुटुंब बडोद्याला गेलं, पण विनोबांच्या आठवणींत गागोद्याचा फणस शेवटपर्यंत राहिला. झाडाचा फणस उतरवला की आई गरे द्रोणांत भरून मुलांच्या हाती देई, आणि गावातल्या घरोघरी ते पोचल्यावरच घरच्यांची पाळी येई. वाटायला मुलंच जात. याच मुलानं पुढे १९५१च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला पहिलं भूदान स्वीकारलं आणि मग देशभर पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमिनी मागितल्या. गऱ्यांपासून भूदानापर्यंत सरळ रेघ ओढावी की नाही, हे चरित्रकार ठरवतील. बाई मात्र ओढतात, आणि गागोद्याला नेलेल्या प्रत्येक मुलाला घराआधी झाडं दाखवतात.

रोह्यात चिंतामणराव देशमुखांचं नाव काढलं की कुणीही रिझर्व्ह बँक सांगेल. १९४३ मध्ये ते तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे केंद्रात अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण बरंचसं रोह्यात. बाईंचे आजोबा यातलं काही न सांगता एवढंच सांगत की आपल्या गावच्या या मुलानं केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात बक्षीस पटकावलं. ते खरं होतं: १९१७ची पदवी वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्राची, आणि वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक. याच देशमुखांनी पुढे ‘मेघदूत’ मराठीत आणलं. त्या काव्यात यक्ष मेघाला कुड्याची फुलं वाहतो, आणि तो कुडा पावसाच्या तोंडावर रोह्याच्या डोंगरांवर पांढरा फुललेला असतो. बाईंनी कॉलेजात कोणता विषय घ्यायचा, हे त्या एका गोष्टीनं ठरलं.

लेक इंग्लंडात डर्बीला स्थायिक झाली आणि एका उन्हाळ्यात आईला चॅट्सवर्थ दाखवायला घेऊन गेली. डेव्हनशायरच्या ड्यूकांचा हा प्रासाद. तिथली कुटुंबं सुट्टीच्या दिवशी डबे घेऊन अशा घरांना जातात आणि हिरवळीवर दिवस काढतात. विनोबा जन्मले त्याच वर्षी तिकडे नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला आणि जुनी घरं-बागा राखणं हे लोकांचं काम झालं. चॅट्सवर्थ त्या ट्रस्टचं नाही, त्याचा कारभार वेगळा. पण ती रीत सगळीकडे मुरली आहे.

बाई कारंज्यापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. रशियाचा झार निकोलस येणार म्हणून १८४४ मध्ये इथल्या मुख्य माळ्यानं, जोसेफ पॅक्स्टननं, ते उभारलं. वर माळावर तलाव खणला, तिथून नळ आणले, आणि पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर पाणी शेकडो फूट उंच उडवलं. झार आलाच नाही. उताराचं गणित तेच, आजोळच्या पन्हळीतलं. इथं ते बघण्यासाठी मांडलेलं, तिथं अळवासाठी. बघण्यासाठी म्हणजे किती, हे समोरच्या एडन्सर गावावरून कळतं. प्रासादातून दिसतं म्हणून ते गाव टप्प्याटप्प्यानं पाडून टेकडीआड नव्यानं वसवलं गेलं. नवी घरं देखणी आहेत, बाईंना आवडलीही. तरी त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे द्रोण घेऊन गावभर निघालेली गागोद्याची मुलं आली.

मग काचघरात केळ दिसली. पॅक्स्टननं मॉरिशसकडून आलेलं रोप इथं वाढवलं आणि मालकाच्या घराण्यावरून त्याला कॅव्हेंडिश नाव मिळालं. आज जगाच्या बाजारात जाणारी बहुतेक केळी त्याच जातीची, आपल्या जळगावची बसराई आणि ग्रँड नैनही त्यातलीच. प्रासादाच्या दिवाणखान्यात जेवढी माणसं होती त्याच्या पाव हिश्शानंही इथं नव्हती. लेक म्हणाली, “आई, तू इथंही मागच्या दारी आलीस.”

परत आल्यावर बाईंना रोहं नव्या डोळ्यांनी दिसलं, आणि ते सुखाचं नव्हतं. धाटावची औद्योगिक वसाहत, १९८६ मध्ये आलेली रेल्वे, भावाभावांतल्या वाटण्या. जमिनीला भाव आला. घराचा पुढला भाग राखायला लोक तयार असतात, कारण तो फोटोत येतो. मागची वाडी आधी विकली जाते. आजोळच्या विहिरीवर आता स्लॅब आहे आणि फणसाच्या जागी इमारतीचं पार्किंग. स्मारकांतही हेच चालतं: भिंती दुरुस्त होतात, फरशी बसते, पाटी लागते, परसात काय होतं याची नोंद कुणी ठेवत नाही. कोकणातलं घर असं राखणं म्हणजे अर्धंच राखणं, आणि टाकून दिलेलं अर्धं जास्त मोलाचं असतं.

चांगली उदाहरणं आहेत. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकरांचं (१८९१–१९६७) घर संग्रहालय झालं आहे. त्यांनी लहानपणी देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पाहून कलेक्टर ऑटो रॉथफील्डनं त्यांना जे. जे. स्कूलची वाट दाखवली, आणि १९२८ मध्ये पुण्यात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. सासवण्याला मात्र भेटते ती घरची, गावातली दुनिया: म्हैस, कोळीण, हमाल. झाडांच्या सावलीतल्या त्या घरात कलाकार, घर आणि वाडी वेगळी काढता येत नाहीत.

बाईंनी आता नातवाला हाताशी धरून एक वही सुरू केली आहे. घरमालकाची परवानगी घेऊन वाडीचा नकाशा काढायचा, झाडं लिहायची, आणि कोणतं रोप कुणी, कुठून आणलं ते घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारायचं. सासुरवाशिणी माहेराहून काय काय घेऊन येत, हे त्या वहीत जसं सापडतं तसं कुठल्याच दप्तरात नाही. पेणमध्ये एका घराच्या पडवीत गणपतीचा कारखाना आहे. मे महिन्यात कच्च्या मूर्तींच्या रांगांमधून वाट काढत मागे जावं लागतं. तिथं वाडी शाबूत निघाली, पोफळीची पन्हळसुद्धा. मालकीणबाईंनी प्रत्येक झाडाची कुळी सांगितली. दोन झाडांपाशी त्यांनाही आठवेना. ते त्यांच्या नणंदेला ठाऊक असेल, आणि त्या दिवाळीत माहेरी येतात. तोवर वहीतल्या त्या दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.