इंग्रजीच्या तासाच्या वह्या

दर सोमवारीं सकाळीं इयत्ता नववीच्या वह्यांचा गठ्ठा आमच्या टेबलावर येऊन पडतो. या वर्गास आम्ही इंग्रजीचीं तीन कामें नेमून देत आलों आहों: ठरलेला उतारा घरीं वाचणें, त्यांतील दहा कठीण शब्द अर्थासह लिहून त्यांचा वाक्यांत उपयोग करणें, आणि शेवटीं अर्धें पान स्वतःचे विचार लिहिणें. या तिसऱ्या कामास आम्ही 'मनन' म्हणतों. हा क्रम आम्हीं शोधून काढला असें नाहीं. आमच्या गुरूंनीं आम्हांस असेंच शिकविलें, आणि वीस वर्षें आम्हीही तसेंच शिकवीत गेलों. गेल्या पावसाळ्यांत मात्र एका वहीनें आम्हांस थांबविलें. ती हकीकत त्या विद्यार्थ्याच्या व त्याच्या वडिलांच्या संमतीनें येथें लिहीत आहों.

प्रथम शब्दांविषयीं. वसतिगृहांत असतांना आम्ही स्वतः रोज दहा इंग्रजी शब्द पाठ करीत असूं, आणि दिवे मालवल्यावर अंथरुणांत पडल्यापडल्या एकमेकांस विचारीत असूं. त्यांतील किती आज उरले हें न विचारलेलें बरें. आमचे विद्यार्थीही कोशांतील पहिला अर्थ उतरवितात आणि पुढें जातात. 'ॲबॅंडन' म्हणजे सोडणें, इतकें एकानें टिपून घेतलें आणि वाक्य केलें कीं, माझे वडील मला रोज सकाळीं शाळेंत ॲबॅंडन करतात! वर्ग हंसला, आम्हीही हंसलों. पण त्याचा दोष तरी काय? आपण गांठ सोडतों, उपास सोडतों, गांव सोडतों आणि मुलास शाळेंतही सोडतों. मोल्सवर्थसाहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. तींत 'सोडणें' हा शब्द काढून पाहावा, म्हणजे एका क्रियापदाचा पसारा केवढा असतो तें दिसेल. त्या बिचाऱ्यानें त्यांतील एक अर्थ उचलला, इतकेंच.

गेल्या जुलैंत आम्हीं वाचनासाठीं हेलन केलर यांच्या आत्मचरित्रांतील प्रसंग निवडला. हें पुस्तक १९०३ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेंतील अलाबामा प्रांतीं टस्कंबिया या गांवीं १८८० सालीं जन्मलेल्या या मुलीची दृष्टि व श्रवणशक्ति एकोणीस महिन्यांची असतांना आजारानें गेली. १८८७ च्या मार्चांत ॲन सलिव्हन या तिला शिकविण्यास आल्या. त्या स्वतः तेव्हां अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. त्या हेलनच्या तळहातावर बोटांनीं अक्षरें काढीत. हेलन तीं अक्षरें परत काढून दाखवी, परंतु तो तिला खेळ वाटे. पेला कोणता आणि पाणी कोणतें, याचाच तिचा घोटाळा होई. पुढें ५ एप्रिलच्या दिवशीं बाईंनीं तिला पंपाशीं नेलें, तिचा एक हात धारेखालीं धरला आणि दुसऱ्या हातावर 'वॉटर' हीं अक्षरें आधीं सावकाश, मग भरभर काढलीं. जें हातावरून वाहत आहे त्याला नांव आहे, आणि तें नांव हें, असें त्या क्षणीं तिला उमगलें. त्याच दिवशीं ती आणखी कितीतरी शब्द शिकली. त्यांत आई, वडील, बहीण आणि शिक्षिका हे शब्द होते.

हा उतारा आम्हीं वर्गांत मोठ्यानें वाचला, आणि दहा शब्दांचें व मननाचें काम नेहमींप्रमाणें दिलें.

सोमवारीं वह्या आल्या. बहुतेकांनीं लिहिलें होतें कीं, या उताऱ्यावरून परिश्रमाचें फळ गोड असतें हें आपण शिकतों. कित्येक वह्यांत तर वाक्यें अक्षरशः तींच. एका वहींत मात्र आरंभ 'माय सिस्टर नॉट हिअर' असा होता. पुढें मोडक्या इंग्रजींत लिहिलें होतें कीं, माझी धाकटी बहीण सहा वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकूं येत नाहीं. घरांत सर्व तिचे लाड करतात, पण तिच्याशीं बोलत कोणीच नाहीं. जेवावयास बोलवावयाचें तर ताट दाखवितात. शेवटचें वाक्य होतें: तिला नांव आहे, तें तिला माहीत नाहीं.

वाचकहो, या पानावर आम्हीं काय केलें तें सांगावयास लाज वाटते. तांबड्या शाईनें सात ठिकाणीं वर्तुळें काढलीं. खालीं लिहिलें, 'व्याकरणाकडे लक्ष दे. उतारा सोडून लिहूं नये.' आणि १० पैकीं ४ गुण दिले. गठ्ठा मोठा होता, रात्र झाली होती. परंतु ही कांहीं सबब नव्हे.

पुढच्या सोमवारीं त्याच मुलानें दुसऱ्या उताऱ्यावर मनन लिहिलें. परिश्रमाचें फळ गोड असतें असें त्यांत होतें. एकही चूक नव्हती. आम्हीं ८ गुण दिले, वर 'शाबास' असा शेराही दिला.

सत्र संपतां गुणांची बेरीज करण्यास तीच वही उघडली, तेव्हां तीं दोन्ही पानें समोरासमोर आलीं. मुलगा आमच्यापासून काय शिकला तें त्या दोन पानांवर स्वच्छ दिसत होतें.

दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्यास वाचनालयांत बोलाविलें. वही पाहतांच तो म्हणाला, "सर, पुन्हां लिहून आणूं का?" त्यास वाटलें, कांहीं चुकलें असावें. चूक आमची आहे असें आम्हीं सांगितलें. यावर काय बोलावें तें त्यास कळेना. बराच वेळ तो टेबलाची कड चाचपीत उभा राहिला, मग त्यानें विचारलें, "सर, त्या बाई हातावर अक्षरें कशीं काढीत?"

आम्हांस तें ठाऊक नव्हतें. तो पाठ आम्हीं किती वर्षें शिकविला असेल, पण हा प्रश्न आमच्या मनांत कधींच आला नव्हता.

मग दोघांनीं मिळून शोध आरंभिला. दिल्ली येथें भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण देणारी एक सरकारी संस्था आहे. तिनें २०१८ सालीं या भाषेचा कोश काढला, त्यांत तीन हजार शब्द होते. २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तींत ते दहा हजार झाले. या कोशांत शब्दाचा अर्थ छापलेला नसून कोणीतरी हातांनीं तो करून दाखवीत असतें. मोल्सवर्थसाहेबांनीं हा कोश पाहिला असता तर! त्या मुलानें आपले दहा शब्द आतां येथूनच घ्यावे असें आम्हीं ठरविलें: इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि हाताची खूण. खुणा वहींत कशा लिहाव्या ही अडचण होतीच. त्यानें ओबडधोबड चित्रें काढलीं, आणि आम्हांस समोर उभें करून तीं करावयास लावलीं. 'पाणी' आम्हांस तिसऱ्या खेपेस साधलें.

बाकीच्या वर्गाचें कामही थोडें बदललें आहे. दहाऐवजीं तीनच शब्द, परंतु तो शब्द आपणांस आणखी कोठें भेटला तें लिहावयाचें. इंग्रजी 'मंगूस' हा आपल्या मुंगसावरूनच गेला आहे असें सांगितलें तेव्हां मुलें कशीं सरसावून बसलीं! मनन आधीं मराठींत लिहिलें तरी चालतें, आणि त्यावर तांबडी शाई नाहीं. कांहीं पालकांनीं विचारलें कीं, वहींत रेघा दिसत नाहींत, मग सर तपासतात कीं नाहीं? त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हे. परीक्षेंत व्याकरणास गुण आहेत, म्हणून व्याकरणाचा तास शुक्रवारीं निराळा ठेवला आहे. गाइडांतून अथवा मोबाइलवरील यंत्राकडून लिहवून घेतलेलें मनन आम्हांस तत्काळ ओळखतां येतें, असें आम्ही पूर्वीं म्हणत असूं. आतां तसें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. येथें पालकांचेंच साहाय्य हवें. मुलानें काय लिहिलें तें एकवार त्याच्या तोंडून ऐकावें, गुण मागाहून विचारावे.

त्या मुलाचे वडील दिवाळीनंतर धाकट्या मुलीस घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या कर्णबधिर विद्यालयांत जाऊन आले. मुलीस इतकें दूर ठेवावयास आई अद्याप तयार नाहीं. तिच्याशीं वाद घालण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. पण बधिर लोकांत प्रत्येकास खुणेचें एक नांव देण्याची चाल आहे, आणि तेथील बाईंनीं मुलीच्या गालावरचा तीळ पाहून तिला तसें नांव दिलें. ती आतां दिवसभर गालाला बोट लावून घरांत फिरते, असें भाऊ सांगतो.

गेल्या सोमवारच्या वहींत त्याचा पहिला शब्द 'नेम' हा होता. माझ्या बहिणीला आतां तिचें नांव माहीत आहे, अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य त्यानें केलें होतें. क्रियापदाचा 'एस्' गळला होता. तो आम्हीं त्यास मधल्या सुटींत तोंडीं सांगितला.