आपला रंग आपण मोजायचा

फोटोत माणूस जरा उजळ दिसला की आपणही म्हणतो, "फोटो मस्त आला." हे 'मस्त' कोणी ठरवलं?

आजीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी मी तिचा फोटो एका स्टुडिओत मोठा करायला दिला होता. आजीचा जन्म निंदणी-खुरपणीत गेला. रंग गडद काळा, त्यात तांबूस झाक. फ्रेममध्ये मात्र राखाडी गालांची, गोरी कोणी बाई बसलेली. विचारलं तर स्टुडिओवाला कौतुकाने म्हणाला, "दादा, साफ करून दिलाय." म्हणजे आमचा मूळ रंग हा मळ! त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि मला तेच जास्त गंभीर वाटतं.

काहीजण म्हणतील, मशीनला कुठे रंगभेद कळतो? मशीनला कळत नाही. पण 'बरोबर रंग' कशाला म्हणायचं हे मशीनला माणूस शिकवतो. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून कोडॅक कंपनी फोटो लॅबना एक नमुना कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची त्वचा नीट छापली गेली की मशीन बरोबर! काळ्या माणसांचे चेहरे अंधारात बुडाले तरी ते बरोबरच. कॅनडाच्या अभ्यासक लोर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास लिहिला आहे. त्यांनी नोंदवलेली गोष्ट डोळे उघडणारी आहे. गडद छटा नीट येत नाहीत अशी तक्रार लाकडी फर्निचर आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी केली, आणि त्या दबावाने फिल्म सुधारायला मोठा हातभार लागला. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकाच कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

मग आपण काय करायचं? मोजमाप आपल्या हातात घ्यायचं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर हे जमतं. मी ते शिकलो, तुम्हीही शिकू शकता.

रंगाचं प्रोफाइल म्हणजे एक प्रकारचा शब्दकोश. तुमचा प्रिंटर, तुमची शाई आणि तुमचा कागद मिळून कोणत्या आकड्याला प्रत्यक्षात कोणता रंग उमटवतात, याची ती मोजून केलेली नोंद. १९९३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियमने तिचा नमुना ठरवला, म्हणून तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात.

सुरुवात स्क्रीनपासून करा. स्क्रीन प्रमाणाबाहेर उजळ असेल तर प्रिंट काळपट वाटणारच. कलरिमीटर नावाचं छोटं यंत्र स्क्रीनवर टेकवून पांढरा रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि उजेड साधारण १०० कँडेला ठेवा. आर्गिल सीएमएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात स्क्रीन व प्रिंटर दोन्हींची प्रोफाइलं बनतात.

मग प्रिंटर. काही शे रंगीत चौकोनांचा तक्ता प्रिंटरची सगळी रंगदुरुस्ती बंद ठेवून छापा. रात्रभर वाळू द्या. स्पेक्ट्रोफोटोमीटरने एकेक चौकोन मोजा. सॉफ्टवेअर त्या आकड्यांवरून प्रोफाइल तयार करतं. कागद किंवा शाई बदलली की प्रोफाइल नवं. यंत्र परवडत नसेल तर बऱ्याच कागद कंपन्या आपल्या कागदाची तयार प्रोफाइलं फुकट देतात. तिथून सुरुवात करता येते.

छापताना रंगाचा कारभार एकाकडेच द्या. फोटोचं सॉफ्टवेअर प्रोफाइल लावत असेल तर प्रिंटरची दुरुस्ती बंदच हवी, नाहीतर रंग दोनदा बदलतो. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' हा पर्याय निवडला तर छापता येण्याजोगे रंग जसेच्या तसे राहतात. आपल्या त्वचेच्या जवळजवळ सगळ्या छटा त्यात बसतात. म्हणजे आजीचा तो तांबूस काळा छापणं प्रिंटरला कधीच अशक्य नव्हतं.

खरी अडचण निळ्याची आहे. स्क्रीनवरचा झळाळता निळा शाईच्या आवाक्याबाहेर असतो, म्हणून कागदावर तो जांभळट किंवा मंद येतो. १४ एप्रिलच्या पोस्टरवर हे दरवर्षी दिसतं. प्रोफाइल लावून स्क्रीनवर आधीच 'सॉफ्ट प्रूफ' पाहा. जमणार नाही तो निळा तिथेच कळतो, आणि शाईला जमणारा निळा निवडता येतो.

एक मर्यादाही सांगतो. फाइलमध्ये आहे तेवढंच प्रोफाइल जपू शकतं. मोबाइलच्या 'ब्युटी मोड'ने चेहरा आधीच गोरा केला असेल तर कोणतंही यंत्र तो परत आणत नाही. म्हणून तो मोड आधी बंद करा.

"अन्याय-अत्याचाराचे एवढे प्रश्न असताना हे रंगाचं काय काढलंस?" असं एका कार्यकर्त्याने मला विचारलं. माझं उत्तर साधं आहे. आपल्या आज्या-पणज्यांचे फोटो आधीच मोजके. जे आहेत ते पुरावे आहेत : कोण होते, कसे दिसत होते, कोणत्या उन्हात राबले. पुराव्यात फेरफार झालेला आपण कोर्टात चालवून घेत नाही, मग भिंतीवर का चालवून घ्यायचा? आणि वस्तीतल्या पोरीला लहानपणापासून घरातली प्रत्येक फ्रेम गोरी दिसली, तर आरशात पाहून तिने काय समजायचं?

स्पेक्ट्रोफोटोमीटर एकट्याला महाग पडतो. पण तो रोज लागत नाही. एका कागदाचं प्रोफाइल एकदा झालं की कितीतरी महिने चालतं. दहा-बारा जणांनी वर्गणी काढून एक यंत्र विहाराच्या वाचनालयात ठेवलं तर अख्ख्या वस्तीचं काम होईल. दोन मुलींना आणि दोन मुलांना ते चालवायला शिकवा. मग वस्तीतल्या जुन्या माणसांचे फोटो त्यांनाच छापू द्या, आहेत त्या रंगात.

जयभीम!