अब्बांची स्कूटर

आमच्या घरासमोर एक जुनी निळी स्कूटर उभी असते. ती चेतक आहे. राणा प्रतापांच्या प्रसिद्ध घोड्याचे नाव तिला दिलेले आहे. अब्बांनी ती १९९८ साली विकत घेतली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करीत. पै पै साठवून त्यांनी ती घेतली होती. ईदच्या दिवशी अब्बा, अम्मी, आपा आणि मी असे चौघे तिच्यावर बसून नानीच्या घरी जात असू.

पुढे मी बी. एड. झालो, शिक्षक झालो आणि स्कूटर माझ्याकडे आली. शाळा घरापासून जेमतेम दीड किलोमीटर. रोज जायचे आणि यायचे, एवढेच तिचे काम. दर शुक्रवारी मी तिला स्वच्छ धुऊन पुसत असे.

गेल्या हिवाळ्यात एके दिवशी सकाळी मी किक मारली आणि फट्‌ फट्‌ फट्‌ असा मोठा आवाज झाला. शेजारचे तान्हे बाळ दचकून रडू लागले. मी घाईने निघालो. शाळेच्या दारात मुले धावत आली. “सर, तुमची स्कूटर तर बुलेटसारखी वाजते!” असे ती म्हणाली. मी हसलो. खरे सांगायचे तर मनातून मला बरेही वाटले. ‘पाहू पुढच्या पगाराला,’ असे म्हणून मी आठ दिवस ती तशीच चालवली.

पण नवव्या दिवशी एक गोष्ट घडली. आमच्या दहावीच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याने आपल्या भावाच्या मोटारसायकलला कर्कश आवाजाची नळी बसवून घेतली होती. त्याबद्दल महिन्यापूर्वीच मी त्याला सगळ्या वर्गासमोर रागावलो होतो. शाळेच्या आसपासचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, हेही मी त्याला शिकवले होते. त्या दिवशी तो दारात उभा होता. त्याने माझी स्कूटर पाहिली, तिचा आवाज ऐकला आणि तो फक्त हसला. एक शब्दही बोलला नाही. ते हसणे माझ्या मनाला फार लागले.

संध्याकाळी मी मोसम पुलाजवळच्या आप्पा मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कूटर आडवी केली आणि सायलेन्सरला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो पुठ्ठ्यात जावा तसा आत गेला!

“सर, हा आतून कुजला आहे,” आप्पा म्हणाले.

“पण मी तर त्याला दर आठवड्याला पुसतो!”

“तुम्ही बाहेरून पुसता. पाणी आत साचते.”

मला नवल वाटले. मग विज्ञानाचा धडा आठवला. पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर चांगला तापतो आणि ही वाफ बाहेर निघून जाते. दीड किलोमीटरात तो तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन आतच राहते आणि लोखंडाला गंज चढतो. वर काळा रंग चमकत असतो आणि आत पत्रा झिजत असतो.

आप्पांनी तीन उपाय सांगितले. पहिला, भोकावर पत्रा लावून वेल्डिंग करणे. पण कुजलेल्या पत्र्यावर ते टिकणार नव्हते. दुसरा, बाजारातली साधी मोकळी नळी बसवणे. ती स्वस्त होती आणि लगेच मिळणार होती; पण आवाज आणखी वाढणार होता. तिसरा उपाय म्हणजे मूळ होता तसाच सायलेन्सर. तो नाशिकहून मागवावा लागणार होता. चार दिवस लागणार होते आणि किंमत नळीच्या तिप्पट होती.

“मोकळ्या नळीने गाडीची ताकद वाढते ना?” मी विचारले.

आप्पा हसले. “सर, पोरेही असेच म्हणतात. आवाज वाढला म्हणजे ताकद वाढली, असे नसते. या इंजिनाला सायलेन्सरचा उलटा दाब लागतो. तो नसला तर न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर जाते. मग गाडी पितेही जास्त आणि ओढतेही कमी.”

महिनाअखेर होती. खिशात पैसे थोडे होते. मी घरी येऊन अब्बांना विचारले. मोठ्याने विचारावे लागले, कारण अब्बांना आता फार कमी ऐकू येते. तीस वर्षे ते मागांच्या खडखडाटात उभे होते. त्या आवाजाने त्यांचे कान गेले.

अब्बा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बेटा, माझ्या कानांना पर्याय नव्हता. पोट भरायचे होते. तुझ्याकडे पर्याय आहे. पैसे मी देतो. दुसऱ्याच्या कानांवर आपली बचत करू नकोस.”

चार दिवस मी पायी शाळेत गेलो. वाटेत तोच मुलगा भेटला. “सर, स्कूटर कुठे आहे?” त्याने विचारले.

“दुरुस्तीला दिली आहे,” मी म्हणालो. “तू त्या दिवशी हसलास, ते बरोबरच होते. तुला सांगितलेली गोष्ट मी स्वतः पाळली नव्हती.” त्याने मान खाली घातली.

पाचव्या दिवशी आप्पांनी मागचे चाक काढले. गंजलेला बोल्ट काही केल्या फिरेना. त्यांनी त्यावर तेल सोडले, तो तापवला, तेव्हा कुठे तो सुटला. इंजिनाच्या तोंडाशी साचलेली काजळी त्यांनी खरवडली आणि नवा सायलेन्सर घट्ट बसवला. मी किक मारली. लहानपणी ऐकलेला तोच ओळखीचा आवाज आला!

घरी आल्यावर अब्बा बाहेर आले. त्यांनी सीटवर हात ठेवला आणि विचारले, “चालू आहे ना?” त्यांना काही ऐकू आले नव्हते. हाताखालची थरथर जाणवताच मात्र त्यांचा चेहरा खुलला. शेजारचे बाळ दारातच आईच्या खांद्यावर शांत झोपले होते.

काही दिवसांनी तो मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, “सर, मोटारसायकलला जुना सायलेन्सर परत बसवायला किती खर्च येतो?”

मी त्याला आप्पांच्या गॅरेजचा पत्ता दिला. आता महिन्यातून एकदा मी स्कूटर मनमाडपर्यंत नेऊन आणतो, म्हणजे आतले पाणी वाळते. आणि वर्गात कुणाला रागावण्यापूर्वी आपल्या आत कुठे गंज चढला आहे का, हेही एकदा पाहून घेतो.